डेल्फ्टचा कापडवाला आणि तळ्यातील हिरवे पाणी

तळ्याच्या पाण्यावर जो हिरवा थर जमतो त्याला आपण शेवाळ म्हणतो आणि पुढे जातो. गुरे पाण्यावर नेणारा गुराखी, कपडे धुणाऱ्या बायका, पोहावयास उतरलेली मुले, सर्वांच्या तोंडी हाच एक शब्द. या एका शब्दाखाली किती निरनिराळे जीव एकत्र नांदत असतात, हे ज्याने प्रथम आपल्या डोळ्यांनी पाहिले तो कोणी विद्यापीठातला पंडित नव्हता. तो हॉलंडमधील डेल्फ्ट या गावचा एक कापडवाला होता. त्याचे नाव आंतोनी व्हान लेव्हेनहूक.

लेव्हेनहूकचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी झाला. शिवछत्रपती तेव्हा शिवनेरीवर अडीच-पावणेतीन वर्षांचे होते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे काळाची कल्पना येईल. बाप टोपल्या विणण्याचा धंदा करी. आंतोनी पाच-सहा वर्षांचा असतानाच तो वारला. आईने पुन्हा लग्न केले. मुलगा काही दिवस बाहेरगावच्या शाळेत, काही दिवस एका नातेवाइकाकडे असा वाढला आणि सोळाव्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला एका कापडाच्या दुकानात उमेदवारीला लागला. त्या काळी विद्येची भाषा लॅटिन होती. ज्याला लॅटिन येत नाही त्याला विद्वानांच्या पंक्तीला पाट मिळत नसे. लेव्हेनहूकला आयुष्यभर डच भाषेखेरीज दुसरी भाषा आली नाही.

१६५४ साली तो डेल्फ्टला परतला, लग्न केले, घर घेतले आणि दुकान थाटले. त्याला पाच मुले झाली, त्यांपैकी मारिया नावाची एक मुलगीच तेवढी जगली. १६६६ साली पत्नीही गेली. पुढे त्याने दुसरा विवाह केला. दुकानाखेरीज गावकारभारात त्याला निरनिराळी कामे मिळत गेली. नगरसभेच्या दालनाची देखरेख, जमिनीची मोजणी, दारूच्या पिंपांचे माप तपासणे, अशी ही कामे होती. त्यांत नाव मिळण्यासारखे काही नव्हते. परंतु पगार नियमित मिळे आणि वेळ उरे. त्या उरलेल्या वेळेतच त्याचे खरे आयुष्य गेले.

कापडाचे सूत किती बारीक, किती सारखे, हे पाहण्यासाठी त्या वेळचे व्यापारी भिंग वापरीत. लेव्हेनहूकच्या नादाचा उगम तेथेच असावा असे मानतात. १६६५ साली लंडनला रॉबर्ट हूक याने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंच्या चित्रांचा एक भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला होता. हूकचे यंत्र दोन-तीन भिंगांचे, लांब नळीचे होते. लेव्हेनहूकने मात्र एकच भिंग वापरले. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन लहान पट्ट्या, त्यांच्यामध्ये मोहरीच्या दाण्याएवढे भिंग, मागे वस्तू टोचून ठेवण्यासाठी एक सुई, आणि ती पुढेमागे सरकविण्यासाठी मळसूत्र. सबंध यंत्र मुठीत मावेल एवढे. ते डोळ्याला जवळजवळ चिकटवून उजेडाकडे तोंड करून पाहावयाचे. असली पाचशेंहून अधिक यंत्रे त्याने आपल्या हाताने केली. आज त्यांपैकी जेमतेम डझनभर शिल्लक असून, त्यांतील सर्वांत समर्थ यंत्र उट्रेक्टच्या संग्रहालयात आहे. ते वस्तू सुमारे २६६ पट मोठी करून दाखविते.

हे भिंग त्याने कसे केले, हे त्याने कोणालाच सांगितले नाही. २०२१ साली हॉलंडमधील शास्त्रज्ञांनी हे उट्रेक्टचे यंत्र न उघडता न्यूट्रॉन किरणांच्या साहाय्याने आतून तपासले, तेव्हा आतले भिंग घासून केलेले नसून जवळजवळ गोलाकार असल्याचे आढळले. म्हणजे काचेचा बारीक धागा ज्योतीत धरून त्याच्या टोकाला थेंब येऊ द्यावयाचा, ही युक्ती त्याने वापरली असावी. गंमत अशी की, हीच युक्ती हूकने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सर्वांसाठी लिहून ठेवली होती!

१६७३ साली डेल्फ्टमधील राइनीर दे ग्राफ या तरुण वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला लेव्हेनहूकची ओळख करून दिली, आणि बुरशी, मधमाशीची नांगी व ऊ यांविषयी त्याचे पहिले पत्र तेथे गेले. पुढे पन्नास वर्षे ही पत्रे जात राहिली. त्याने ग्रंथ असा लिहिला नाही. जे लिहिले ते पत्रांतूनच, आणि तेही बोलल्यासारखे, आपल्या गावच्या भाषेत. लंडनला त्यांचे भाषांतर होई.

आता मुख्य हकिकतीकडे वळू. डेल्फ्टपासून दोन तासांच्या वाटेवर बेर्केल्स मेर नावाचे एक सरोवर होते. त्याच्या तळाशी काही ठिकाणी दलदल होती. हिवाळ्यात त्याचे पाणी स्वच्छ असे; परंतु उन्हाळा सुरू झाला की ते पांढुरके होई आणि त्यात लहान लहान हिरवे ढग तरंगू लागत. आसपासचे शेतकरी म्हणत की हा दवाचा परिणाम आहे. १६७४ च्या उन्हाळ्यात लेव्हेनहूक त्या सरोवरातून जात होता. हिरवे ढग त्यानेही पाहिले. इतरांनी कैक वर्षे पाहिले होते तसेच. फरक इतकाच की, त्याने काचेच्या एका कुपीत ते पाणी भरून घेतले आणि दुसऱ्या दिवशी घरी भिंगाखाली धरले.

जे दिसले ते त्याने ७ सप्टेंबर १६७४ च्या पत्रात कळविले. रायगडावर राज्याभिषेक होऊन त्या वेळी तीन महिने झाले होते. पाण्यात हिरवे पट्टे होते, आणि ते मळसूत्रासारखे वेटोळे घेत, अगदी शिस्तीने मांडल्यासारखे गेले होते. त्याला उपमा सुचली ती मद्य गाळणाऱ्यांच्या तांब्याच्या वेटोळ्या नळीची. गोव्यातील वाचकांना ती फोड करून सांगावयास नको. भट्टीवर वाफ थंड करणारे वेटोळे येथे पुष्कळांनी पाहिले असेल. जाडी म्हणाल तर माणसाच्या केसाएवढी. या पट्ट्यांच्या भोवती अतिशय सूक्ष्म असे जीव फिरत होते. काही हिरवे, काही पांढरे, काही राखी चमक असलेले. ते इतक्या चपळाईने वर, खाली, गोल फिरत की त्याला पाहतच राहावेसे वाटले. चीजच्या सालीत दिसणाऱ्या किड्यांहून ते हजारपटींनी लहान असल्याचा अंदाज त्याने केला.

ते हिरवे वेटोळे म्हणजे आज आपण ज्याला स्पायरोगायरा म्हणतो ते शैवाल, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दुसरेच एखादे वेटोळ्याचे शैवाल असेल अशीही शंका घेतली जाते. लेव्हेनहूकने नाव दिले नाही, कारण द्यावयास नावच नव्हते. ही गोष्ट मला विशेष वाटते. आपण वनस्पती ओळखतो म्हणजे पुस्तकातील नाव तिला जोडतो. त्याच्यापुढे पुस्तक नव्हते. आकार, जाडी, रंग, हालचाल आणि एखादी ओळखीची उपमा एवढ्याच साधनांनी त्याने असे वर्णन केले की साडेतीनशे वर्षांनंतरही आपण त्यावर वाद घालू शकतो.

येथे विषय थोडा बाजूला ठेवून दोन गोष्टी सांगतो. आपल्याकडील तळ्यातला हिरवा थर ओळखावयाचा असेल तर प्रथम एक काठी त्यात फिरवून वर काढावी. काठीला लांब केसांसारखे धागे लोंबले, बोटांत धरल्यावर ते बुळबुळीत लागले, तर ते स्पायरोगायरा किंवा त्याच्या जवळचे शैवाल असण्याचा संभव फार. त्याच्या धाग्यात पेशी एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि प्रत्येक पेशीत हिरवी फीत वेटोळे घालून बसलेली असते. उन्हात त्यातून प्राणवायूचे बुडबुडे निघतात व त्यांच्या आधाराने सबंध जाळे वर तरंगते. धागे खरखरीत व फांद्या फुटलेले असतील तर ते दुसऱ्या जातीचे. हाताला चुन्याने माखल्यासारखे टणक लागणारे आणि चुरडल्यावर उग्र वास येणारे, वरवर झाडासारखे दिसणारे कारा नावाचे शैवालही असते. ते चांगले हातभर वाढते म्हणून पुष्कळजण त्याला साधी पाणवनस्पती समजतात. काठीला काहीच लागले नाही आणि पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली, तर ती बहुधा नील-हरित जिवाणूंची असते. तिच्या काही जाती विषारी असतात, म्हणून तसले पाणी स्वतः पिऊ नये व गुरांनाही पाजू नये. टिकलीएवढी पाने व प्रत्येकाखाली लोंबणारे एकच मूळ असेल तर ते शैवाल नव्हेच. ती डकवीड नावाची सपुष्प वनस्पती. जांभळ्या तुऱ्यांची जलपर्णी तर सर्वांच्या परिचयाची आहे. तिचे मूळ घर दक्षिण अमेरिका. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्पायरोगायराचा एक धागा ठेवला की वर्गातला सर्वांत खोडकर मुलगासुद्धा मिनिटभर गप्प होतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

असो. १६७४ च्या पत्रावर लंडनला फारशी खळबळ झाली नाही. ती झाली दोन वर्षांनी. मिरी तिखट का लागते याचा शोध घ्यावा म्हणून लेव्हेनहूकने मिरी पाण्यात भिजत घातली होती. ही मिरी पूर्वेकडून वलंदेजांच्या, म्हणजे डच कंपनीच्या, गलबतांतून येई. या कंपनीची एक कचेरी डेल्फ्टलाच होती, आणि तिची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. तिखटपणाचे कारण त्याला सापडले नाही. सापडले ते भलतेच. भिजलेल्या पाण्यात इतके सूक्ष्म जीव दिसले की वाळूच्या एका कणाच्या जागी ते लाखांनी मावतील. ऑक्टोबर १६७६ च्या पत्रात त्याने हे कळविले आणि सोसायटीतील विद्वानांनी मान हलविली. त्यांचाही दोष नव्हता. एक अशिक्षित कापडवाला, लॅटिन न जाणणारा, परक्या देशातून लिहितो की पाण्याच्या थेंबात माणसांच्या वस्तीहून मोठी वस्ती आहे. आणि आपले उत्तम भिंग दाखवावयास मात्र तयार नाही!

लेव्हेनहूकने तोड काढली ती व्यापाऱ्याला शोभेल अशीच. त्याने गावातील धर्मगुरू, वकील वगैरे प्रतिष्ठित आठ जणांना घरी बोलावले, भिंगातून पाहावयास लावले आणि त्यांच्या सह्यांची प्रशस्तिपत्रे लंडनला धाडली. शेवटी हूकनेच मिरीचे पाणी तयार केले, आणि नोव्हेंबर १६७७ मध्ये सोसायटीच्या सभासदांना ते जीव प्रत्यक्ष दिसले. १६८० साली रॉयल सोसायटीने लेव्हेनहूकला आपला सभासद करून घेतले. तो मात्र सभेला कधी गेला नाही.

१६८६ साली बाल्टिक समुद्राच्या काठी कुर्लंड प्रांतात, आजच्या लॅटव्हियात, एक विचित्र घटना घडली. जमिनीवर काळ्या, जळक्या कागदासारख्या वस्तूचे तुकडे पसरलेले लोकांना आढळले. तो आकाशातून पडलेला कागद आहे अशी वार्ता उठली आणि तिला नाना अर्थ चिकटले. त्यातला एक तुकडा फिरत फिरत डेल्फ्टला आला. लेव्हेनहूकने तो भिंगाखाली ठेवला, आणि आकाशाचा संबंध तेथेच संपला. त्या कागदात त्याला पाण्यात वाढणाऱ्या हिरव्या धाग्यांची गुंतवळ दिसली. वाळून, दबून तिचा कागद झाला होता. तो एवढ्यावर थांबला नाही. आपल्या भागातील पाण्यावरची तशीच वनस्पती वाळवून त्याने ती या तुकड्याशी ताडून पाहिली. १६८७ साली हे सर्व त्याने लंडनला कळविले. पाणी आटलेल्या तळ्याच्या काठी शेवाळाचा पापुद्रा असाच वाळून उचलला जातो, हे आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कोणालाही पाहता येईल. शंका निरसनाची इतकी सरळ रीत त्या शतकात फार थोड्यांना साधली होती, असे मला वाटते.

त्याची कीर्ती आता देशोदेशी पसरली. १६९८ साली रशियाचा झार पीटर डेल्फ्टच्या कालव्यात नाव उभी करून त्याला भेटला, आणि लेव्हेनहूकने त्याला वाम माशाच्या शेपटीतील रक्ताचा प्रवाह दाखविला. राजेरजवाड्यांच्या या भेटींचे वर्णन बहुतेक चरित्रांत पानेच्या पाने भरते. मला तर त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यातील दुसरी घटना अधिक मोलाची वाटते.

लेव्हेनहूक तेव्हा पासष्ट वर्षांचा होता. शेताकडेच्या पाण्यातून त्याने नमुना आणला आणि त्यात वाळूच्या कणाएवढे हिरवे गोळे आपणहून लोळत फिरताना पाहिले. प्रत्येक गोळ्याच्या पोटात आणखी लहान गोळे होते. त्याने ते काचेच्या बारीक नळीत ठेवले आणि रोज पाहत राहिला. काही दिवसांनी मोठा गोळा फुटला, आतले पोर-गोळे बाहेर पडले आणि आईसारखेच लोळू लागले. त्यांच्याही पोटात पुढची पिढी तयार होत होती. ही हकिकत जानेवारी १७०० च्या पत्रात आहे. पुढे १७५८ साली लिनियसने या जिवाला व्हॉल्वॉक्स हे नाव दिले. चिखलातून, कुजक्या पाण्यातून जीव आपोआप उपजतात ही समजूत त्या काळी विद्वानांतही होती. लेव्हेनहूकला ती मान्य नव्हती, आणि त्या हिरव्या गोळ्यांनी त्याच्या हाती एक पुरावा दिला. जीव जिवापासूनच होतो, मग तो वाळूच्या कणाएवढा का असेना.

१७०१-०२ च्या सुमारास तर त्याने घराच्या पन्हळीतही हात घातला. पन्हळीत साचलेले पाणी तांबूस झाले होते. त्यात त्याला सूक्ष्म जीव दिसले. पाणी आटल्यावर उरलेला कोरडा गाळ त्याने जपून ठेवला, कित्येक दिवसांनी त्यावर स्वच्छ पाणी घातले, आणि मेलेले वाटणारे जीव तासाभरात पुन्हा पोहू लागले. त्यानंतर डकवीडची पाळी आली. तिची लोंबती मुळे त्याने नळीत ठेवून पाहिली तो मुळाला चिकटलेली वेगळीच वस्ती त्याला दिसली: देठावर डोलणाऱ्या घंटा, चक्रे फिरविल्यासारखे दिसणारे जीव, आणि अनेक हातांचा एक लहानसा प्राणी, ज्याच्या अंगातून पिल्लू कोंबासारखे फुटत होते. हा आजचा हायड्रा. त्याच सुमारास, १७०३ साली, इंग्लंडमधील कोणा निनावी गृहस्थाने तसल्याच पाणवनस्पतीच्या मुळांवर चौकोनी, काचेसारखे बारीक तुकडे एकमेकांना जोडलेले पाहिले व सोसायटीला कळविले. ते डायटम जातीचे शैवाल होते. 

एवढे सारे झाल्यावर एक कडू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. लेव्हेनहूकने शिष्य केला नाही. जर्मनीतील थोर तत्त्वज्ञ लाइब्निट्स याने त्याला १७१५ च्या सुमारास सुचविले होते की तरुणांना ही विद्या शिकवावी. त्याने नकार दिला. त्याचे म्हणणे साधारण असे की, शिकावयास येणारे पैशासाठी किंवा नावासाठी येतात, आणि या कामाला जो वेळ व जो ध्यास लागतो तो हजारांत एकाजवळही नसतो. यात सत्याचा अंश असेल; परंतु शिक्षकाच्या पेशातील माणसाला हे उत्तर पटणे कठीण आहे. घरी येणाऱ्यांना तो साधी यंत्रे दाखवी, उत्तम यंत्रे स्वतःजवळ ठेवी. परिणाम असा झाला की, त्याने पाहिलेले सर्वांत सूक्ष्म जीव त्याच्यामागे कित्येक दशके कोणाला नीट पाहताच आले नाहीत.

२६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वद वर्षे पुरी करून, तो वारला. अखेरच्या दुखण्यात त्याच्या पोटाच्या वरच्या भागाला झटके येत. त्यांचेही निरीक्षण करून त्याने ते लंडनला कळविले. या दुर्मिळ विकाराला आता त्याचे नाव मिळाले आहे. त्याच्या अविवाहित मुलीने, मारियाने, त्याची शेवटपर्यंत सेवा केली. त्याच्या इच्छेप्रमाणे चांदीच्या सव्वीस सूक्ष्मदर्शकांची पेटी तिने रॉयल सोसायटीकडे पाठविली. ती पेटी एकोणिसाव्या शतकात तेथून नाहीशी झाली. उरलेली यंत्रे मारियाच्या मृत्यूनंतर १७४७ साली लिलावात विकली गेली. बेर्केल्स मेर सरोवरही आता नाही. पाणी उपसून तेथे जमीन काढण्यात आली.

पत्रे मात्र राहिली. १९८१ साली ब्रायन फोर्ड हा इंग्रज अभ्यासक रॉयल सोसायटीच्या दप्तरखान्यात ती चाळत असता, पत्रांना जोडलेल्या कागदाच्या लहान पुड्या त्याला सापडल्या. लेव्हेनहूकने स्वतः पाठविलेले नमुने तीन शतके त्यांत तसेच पडून होते. बुचाचे काप होते, एल्डर झाडाच्या गाभ्याचे काप होते, कापसाच्या बियांचे काप होते. हे काप इतके पातळ होते की आजच्या सूक्ष्मदर्शकाखालीही त्यांतील पेशी स्वच्छ दिसल्या. आणि १६८७ च्या पत्राबरोबरच्या पुडीत होता तो वाळलेल्या शेवाळाचा काळा कागद.